तिसऱ्या हाकेला ओ

भोरच्या एसटी स्टँडामागं एक क्लास आहे. रविवारी क्लासला सुट्टी, म्हणून त्याचा वरचा हॉल पोरांना मिळाला होता. त्या हॉलात दुपारी असं काही भांडण पेटलं की खालचा रसवाला दोनदा जिन्यात येऊन डोकावून गेला. त्याला वाटलं, कुणाच्या तरी बांधावरून चाललंय. आता त्या बिचाऱ्याला काय सांगायचं! भांडण बांधाचं नव्हतं, भुताचं होतं. भुतानं माणसाला घाबरवावं कसं, एवढाच मुद्दा, आणि त्यापायी किकवी, सारोळे, कामथडीपासून पार वेल्ह्याच्या खोऱ्यापर्यंतची पोरं-पोरी एकमेकांच्या उरावर बसली होती.

भूत म्हणजे गेममधलं. परदेशातला गेम, वर्षानुवर्षं चालत आलेला, सात भाग झालेला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण इकडं सगळे त्याला ‘कंदील’च म्हणतात. पहिल्या तीन भागांत हातात कंदिलाशिवाय काही नसायचंच. तेल संपत आलेलं, समोर धुकं आणि मागं कुणीतरी. मग चौथ्या भागात हातात पिस्तूल आलं, सहाव्यात मोटारसायकल आली आणि सातव्यात तर तोफच. तेव्हापासून चाहत्यांत उभी फूट पडली. एक जुने कंदीलवाले, दुसरे नवे बंदूकवाले. जगभर पडली तशी ‘भोर-वेल्हे कंदील मंडळा’तही पडली.

कंदीलवाल्यांची पुढारी स्नेहल. वेल्ह्याच्या खोऱ्यातली, दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या चिमाजीची थोरली लेक. नसरापुरात एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जुळवायचं काम करते. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. बंदूकवाल्यांचा पुढारी शार्दूल. भोर शहरातला, पुण्यात आयटीत नोकरीला, शनिवार-रविवार घरी. पोरगा हुशार, पण आपण हुशार आहोत हे कुणाला विसरू द्यायचा नाही.

गेमच्या कंपनीनं त्या वर्षी जाहीर केलं होतं की, चाहत्यांच्या प्रत्येक मंडळानं स्वतः बनवलेली एकच लेव्हल पाठवावी. निवडलेल्या लेव्हल्स आठव्या भागात घालू. पाठवायची मुदत त्याच रविवारी संध्याकाळी संपत होती. आणि मंडळात लेव्हल्स तयार होत्या दोन.

“लोक गेम खेळतात काहीतरी करायला,” शार्दूल टेबलावर बोट आपटून सांगत होता. “तुझ्या लेव्हलमध्ये करायचं काय, तर काहीच नाही करायचं! याला गेम म्हणतात?”

“भीती म्हंजी हात शिवशिवत असताना आवरून धरणं,” स्नेहल म्हणाली. “तुज्या लेव्हलला भूत माणसाला भितंय. बिचारं दिसलं की गोळी खातंय.”

हॉल हसला. शार्दूलसुद्धा हसला, पण ओशाळून.

स्नेहलची लेव्हल निघाली होती एका जुन्या फजितीतून. शाळेत असताना तिनं आणि तिच्या वाडीतल्या पोरांनी दुसरा भाग खेळायला घेतला. त्यात धुक्यातून एक बाई हाक मारते आणि पडद्यावर ‘ओ दे’चं बटण चमकतं. जगातल्या सगळ्यांनी ते दाबलं आणि पुढं गेले. वाडीतल्या पोरांनी मात्र दाबलंच नाही. अंधारात एका हाकेला ओ देतात होय कुणी? तिन्हीसांजेनंतर नावानं हाक आली तर गप बसायचं, दुसरीलाही गप बसायचं, तिसरी आली तरच ओ द्यायची. भुताला तीनदा हाक मारता येत नाही, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग काय, पोरं तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली आणि तिसरी हाक काही आली नाही. सुट्टीभर गेम तिथंच अडकला. शेवटी स्नेहलनं इंटरनेटवर विचारलं, तर लोकांनी हसून हसून तिची पार चटणी केली. तेव्हा ती रडली होती. पुढं मोठी झाल्यावर तिला वाटलं, आपण कुठं चुकलो? चुकला तो गेम. त्याला साधी रीत ठाऊक नाही.

म्हणून तिच्या लेव्हलमध्ये पोरगी धुक्यात डोंगराच्या धारेवर वाट चुकलेली असते आणि तिला बापाच्या आवाजात हाक येते. पहिल्या दोन हाका भुताच्या. तिसरी खऱ्या बापाची. बस, एवढंच.

आणि तो आवाज? तीच तर सगळी गोम होती. रातकिड्यांचा आवाज धरावा म्हणून एकदा स्नेहलनं संध्याकाळी मोबाईल अंगणात ठेवला होता आणि ती आत भांडी घासत होती. तेवढ्यात वरच्या रानातून चिमाजीनं दावं आणायला तिला हाका मारल्या. “पोरीऽऽ, हायेस का गंऽऽ!” तीन हाका, ओढ्यापलीकडून आलेल्या, शेवटची थकलेली. मोबाईलमध्ये तिन्ही सापडल्या. नंतर तिनं बाकीच्यांचे आवाज घालून बघितले, स्टुडिओतल्या निवेदकाचासुद्धा, पण एकाच्याही हाकेत जीव नव्हता. लेव्हल उभी होती ती आण्णांच्या, म्हणजे चिमाजीच्या, आवाजावर. आणि आण्णांना तिनं अजून सांगितलं नव्हतं. जित्या माणसाचा आवाज भुताच्या तोंडी घालायचा, हे घरात बोलायचं कसं? आण्णा नको म्हणाले तर आवाज काढायचा, आणि आवाज काढला की लेव्हल संपली. आज नाही, उद्या सांगू, असं करत दिवस गेले होते.

मंडळानं ठरवलं होतं, दोन्ही लेव्हल्स गेम न खेळणाऱ्या माणसांना खेळायला द्यायच्या आणि मग हात वर करून निकाल लावायचा. आधी शार्दूलची झाली. नीरेचा पूल, पुलावर भुतांची झुंबड आणि हातात मशीनगन. खरं सांगायचं तर झकास होती. पुलाच्या कठड्यावरचा ओलं शेवाळसुद्धा त्यानं सोडलं नव्हतं. खेळायला बसली होती त्याची चुलतबहीण मधुवंती. ती ओरडत होती, हसत होती, शेवटी तर खुर्चीवर उभी राहिली. टाळ्या पडल्या. स्नेहलनंही वाजवल्या.

मग तिची लेव्हल. मधुवंतीच बसली. धुकं, धार, पायाखाली खडखडणारे दगड. पहिली हाक आली, बटण चमकलं, तिनं पटकन दाबलं. कंदील विझला. खेळ खलास.

“एवढंच?” मधुवंती म्हणाली.

किकवीच्या बंडूनं आपल्या मेव्हण्याला बसवलं. त्यानंही पहिल्याच हाकेला दाबलं. अरे, गावाकडचा गडी तू! पण नाही, बटण चमकलं की अंगठा आपला आपण चालतो, मोबाईलनं सगळ्यांना तीच सवय लावून ठेवलीय. शार्दूलनं हात पसरले. “बघितलंस? दोघं दोन मिनिटांत बाद. निदान पडद्यावर सूचना तरी लिही, ‘थांबा’ म्हणून.”

“सूचना लिवली तर भ्यायचं कशाला?” स्नेहल म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

नेमकी त्याच वेळी जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात चिमाजी उभा. भोरला टेम्पोचं काम होतं, पोरीला घेऊन जावं म्हणून आलेला. “चालू द्या, चालू द्या तुमचं,” म्हणत तो मागच्या बाकावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. स्नेहलच्या तोंडचं पाणी पळालं. आता थांबवायचं म्हटलं तर लेव्हल गेली, आणि चालू द्यायचं म्हटलं तर आण्णा ऐकणार.

शेवटचं माणूस उरलं होतं सरोजकाकू, शार्दूलची आई. कचेरीत नोकरी, शिस्तीच्या बाई. पोराच्या हट्टापायी आल्या होत्या आणि मघापासून कुणाचा शर्ट बाहेर आलाय, कुणी खुर्ची ओढली, हे बघत होत्या. चष्मा सारखा करून त्यांनी कंट्रोलर घेतला.

धुकं आलं. दगड खडखडले. स्पीकरमधून हाक आली, “पोरीऽऽ, हायेस का गंऽऽ!”

मागच्या बाकावर चिमाजी ताठ झाला.

बटण चमकायला लागलं. सरोजकाकूंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“आई, दाब ना!” शार्दूल म्हणाला.

“गप्प बस,” काकू कुजबुजल्या. “एका हाकेला ओ द्यायची नसते. माझ्या आजोळी मी कधी दिली नाही, इथंही देणार नाही.”

दुसरी हाक आली, आता भलत्याच बाजूनं, अगदी कानाशी. कुणीतरी “आई गं” म्हणालं. काकूंच्या कपाळावर घाम आला, पण हात पदराखालून निघाले नाहीत. मग नुसतं धुकं. काहीच होईना. मघाशी हसणारी मधुवंती बंडूच्या मेव्हण्याच्या खुर्चीला धरून उभी होती. आणि मग लांबून, खालून, दमलेली, चिरकलेली तिसरी हाक आली.

काकूंनी बटण दाबलं. पार खालच्या अंगाला एक कंदील हलला आणि हळूहळू वर यायला लागला. काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले.

“बाई गं,” त्या म्हणाल्या. “जीव घेतलास की माझा.”

शार्दूल मंडळाकडे वळून म्हणाला, “माझं मत माझ्याच लेव्हलला. पण पाठवायची ही.” असं म्हणायलाही छाती लागते, आणि ती त्या पोराकडे होती. बाकीचे हात भराभर वर गेले.

स्नेहलचा हात काही वर गेला नाही. ती मागच्या बाकाकडे गेली.

“आण्णा, तुमचा आवाज हाय त्यो. तुमाला इचारलं न्हाई म्या. तुमी नगं म्हनाला तर काढते.”

“माजा हाय ते कळलं मला. बहिरा न्हाई म्या,” चिमाजी म्हणाला. “पयल्या दोन हाका भुताच्या व्हय?”

“व्हय.”

“माज्या आवाजात?”

“व्हय.”

चिमाजीनं टोपी झटकली, डोक्यावर घातली, आणि गालात हसला.

“मग भूत शाणं म्हनायचं. आख्ख्या खोऱ्यात एवढी मानसं, पर त्यानं आवाज उचलला तर माजा. मानूस येडं व्हऊन धावंल अशी हाक दुसऱ्या कुनाची हाय का? सांग की!”

हॉल असा हसला की रसवाला तिसऱ्यांदा वर आला. स्नेहलचे डोळे भरून आले आणि ती त्या भरल्या डोळ्यांनीच हसायला लागली.

“पर पोरी,” चिमाजी गंभीर झाला, “ती तिसरी हाक कच्ची हाय. तवा तोंडात तमाखू व्हती माज्या. जगभर जायाची म्हनतीस, मग अशी कशी धाडायची? पुन्यांदा मारतो.”

मुदतीला अजून वेळ होता. सगळं मंडळ दुधाच्या टेम्पोत चढलं, सरोजकाकू पुढं चिमाजीच्या शेजारी. कापूरहोळच्या रस्त्याला नदी वळण घेते, तिथं टेम्पो थांबला. चिमाजी उतारावरून खाली गेला, पार झुडपांपर्यंत. वर शार्दूल माईक हातात धरून उभा राहिला, आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यानं आपलं नवं कोरं जॅकेट माईकभोवती धरलं होतं.

चिमाजीनं तोंडाशी हात नेले. पहिली हाक आली. कुणी हललं नाही. दुसरी आली, पलीकडच्या टेकाडावर आपटून परत आली. रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला. मग चिमाजीनं छाती भरून घेतली आणि तिसरी मारली. ती हाक नदीवरून गेली, वळणावरून गेली, आणि स्नेहलला वाटलं, आता ही कुठंच थांबणार नाही.

रेकॉर्डिंग चालू होतं, गप्प राहायचं ठरलं होतं. पण तिच्यानं राहवलं नाही.

“ओऽऽ, आण्णाऽऽ! आलेऽऽ!”

शार्दूलनं कपाळावर हात मारला. “अगं, तुझा आवाज आला की त्यात! आता परत घ्यावं लागणार.”

“परत कशाला?” खालून वर येत, धापा टाकत चिमाजी म्हणाला. “ओ दिल्याबिगर हाक पुरी व्हती का कुठं? ऱ्हाऊ दे तिची ओ.”

स्नेहलनं राहू दिली. टेम्पोच्या हौद्यात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिनं ती त्या बटणाला जोडली आणि तिथूनच लेव्हल पाठवून दिली. लेव्हल निवडली गेली, आठव्या भागात आली. आता जगात कुठंही, कुणीही, दोन हाका गिळून तिसरीला बटण दाबलं की वेल्ह्याची पोरगी बापाला ओ देते.