शिरेतलं शेपूट

नाव: थोआ. वय: एकसष्ट.
धंदा: कान थो शहरात पुलाखाली पंक्चर काढणं.
आजार: मुतखडा. (खोडून टाका. खडा हे घरच्यांचं म्हणणं.)

तिथल्या डॉक्टरांनी खरं काय ते रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाला, हुअनला सांगितलं. त्यानं बहिणीला खडा सांगितला आणि त्यावरचा गावठी उपाय म्हणून तीन आठवडे भाजलेल्या अननसाच्या रसात तुरटी घालून पाजली. आज थोआ सायगॉनला आली आणि डॉक्टर खांगच्या संगणकाच्या पडद्यासमोर ठाण मांडून बसली.

"खडा दाखवा."

खांगनं तिच्यामागे उभ्या हुअनकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतोस, पोरा? किडनी माझी आहे."

"मावशी, कॅन्सर आहे. किडनीतून मोठ्या शिरेत शेपटासारखा चढलाय. काढता येईल. यंत्राचे हात आत जातील, ते मी चालवेन."

"सुरीचं पातं लागलं की कॅन्सर अंगभर पसरतो!" हुअन उसळला. "हिला घरी नेतो. पाला देऊ."

"तुरटीनं दात आंबवलेस, दादा, ते पुरे नाही झालं?"

"तुला धसका बसेल म्हणून..."

"ट्रकचं टायर तोंडासमोर फुटलंय माझ्या!" ती खांगकडे वळली. "रक्त कसं अडवणार?"

"शीर वर-खाली आवळायची. चीर देऊन शेपूट अखंड काढायचं. तुकडा सुटला तर फुप्फुसात अडकतो, जीव जाऊ शकतो. मग शिवायचं."

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं."

"ट्यूबला मला पाच लागतात."

"ट्यूबमधून रक्त वाहत नाही, मावशी."

ती खो खो हसली. "हे मात्र खरं बोललास."

संमती: नातेवाइकाची सही.

हुअननं पेन खिशात घातलं. "मी नाही करणार. घरात मोठा मी आहे."

"आहेसच. जेवायला आधी तूच बस."

तिनं त्याच्या खिशातून पेन काढलं.

संमती: ~~नातेवाइकाची~~ माझी.
मृत्यू येऊ शकतो, हे समजले: समजले. घरी बसूनही येतो.
काही शंका: नाही. पातं लागू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुअन ट्रॉलीचा दांडा धरून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत आला. सोडेना.

"आणि पसरला तर?"

"कोणी हात न लावताच पसरलाय, दादा," थोआ म्हणाली. "सोड आता. आणि माझ्या चपला सांभाळ, इथे चोर फार."