भाडेकरणीचा भाऊ

घरमालकीण होणं सोपं असतं असं जिला वाटतं, तिने माझ्या नवऱ्याबरोबर एक महिना संसार करून बघावा.

आम्ही पिंपळगाव बसवंतला राहतो. किशोरराव तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहेत. पोटाला चिमटा काढून आणि वर बँकेचं कर्ज घेऊन आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्यावर वन बीएचके घेतला, भाड्याने द्यायला. यूट्यूबवर घरमालकांसाठी जेवढे व्हिडिओ आहेत तेवढे मी पाहिले. सगळ्यांचं सांगणं एकच, भाडेकरूशी नातं जोडू नका. मी ते किशोररावांना दोनदा ऐकवलं. ते दोन्ही वेळा "हो" म्हणाले. त्यांच्या "हो"वर विसंबून मी आजवर काय काय सोसलंय, तो वेगळाच विषय आहे.

भाडेकरू मिळाले ते देवळ्याकडचे. लखन अंबडला कंपनीत कामाला, त्याची बायको आशा आणि दोन महिन्यांची आरोही. अकरा महिन्यांचा करार झाला. दहावा महिना लागला तसा आमचा एजंट महेश म्हणाला, "मोहिनीताई, तीन हजार जास्त देणारी पार्टी आहे. यांना करार संपला की निघायला सांगा." मला पटलं. निरोप द्यायला मी किशोररावांना धाडलं. चूक माझीच.

पहिल्यांदा गेले ते अर्धं पोतं कांदे घेऊन आले.

"सांगितलं का?"

"अगं, तिच्या माहेरचे कांदे. हातात पोतं घेऊन कसं सांगायचं?"

दुसऱ्यांदा गेले तर स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता म्हणून तो दुरुस्त करत बसले. आता धार लागली होती. तिसऱ्यांदा मात्र चेहरा खुलवून आले. "रविवारी आरोहीचं जावळ आहे. मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात ना, तर आशाला भाऊ नाही. तिने मला बसायला सांगितलंय."

मी कपाळावर हात मारला. मांडीवर भाची बसली की आशा झाली बहीण, आणि बहिणीला घर खाली कर म्हणणारा भाऊ कुठे बघितलाय? शेताच्या वाटणीत सोडून! "अहो, ती पोरगी पक्की आहे. तुम्हाला गुंडाळलं तिने."

ते एवढंच म्हणाले, "मला पण बहीण नाही, मोहिनी."

ते मला माहीत होतं. भाऊबीजेला बाकीचे नवे शर्ट घालून ओवाळून घेतात, आणि हे मुद्दाम ड्यूटी मागून घेतात. मला वाईट वाटलं. पण माझा राग असा वाईट वाटून जाणारा नाही. मी कागदावर लिहून काढलं की एक तारखेपर्यंत जागा रिकामी करावी, खाली सही ठोकली आणि कागद पर्समध्ये टाकला. रविवारी आपण स्वतःच द्यायचा.

रविवारी किशोरराव नवरदेवाच्या थाटात निघाले. आशाला साडी, आरोहीला फ्रॉक आणि चांदीचे वाळे. भाडेकरणीला साडी घेणारा घरमालक अख्ख्या नाशकात दुसरा सापडायचा नाही. हॉलमध्ये पाटावर बसून त्यांनी आरोहीला मांडीवर घेतलं. न्हाव्याने कात्री काढली तशी पोरीने भोकाड पसरलं आणि नवी पँट ओली केली. हे जागचे हलले नाहीत. "रडू नको, मामा हाय ना," असं दहा वेळा म्हणाले. म्हणताना स्वतःच रडत होते.

मी पर्स घेऊन स्वयंपाकघरात शिरले. आशा एकटीच होती. कोपऱ्यात चार खोकी सुतळीने बांधून ठेवलेली.

"हे काय गं?"

"भांडी बांधली, वहिनी. मागल्या आठवड्यात महेशभाऊ एका पार्टीला घेऊन आले होते घर बघायला. मीच दाखवलं सगळं. पाण्याला फोर्स लय चांगला हाय म्हणून सांगितलं." ती कसनुसं हसली. "सातपूरला एक खोली बघून ठेवलीय."

"मग जावळाचा घाट कशाला घातला?"

"इथं हाय तोवर दादांना हक्काने बोलावता येतं. सातपूरला गेल्यावर ते कशाला येतील? दादांना घाई करू नका तुम्ही, त्यांच्याच्यानं ते सांगणं नाय व्हायचं. आम्ही आपलं आपण निघू. फक्त तेवढा नळ बघून घ्या. दादांनी पार बिघडवलाय, पण त्यांना बोलू नका."

मला लाज वाटली, सरळच सांगते. मी जिला पक्की म्हटलं होतं, ती माझ्या नव्या भाडेकरूला माझं घर चांगलं म्हणून सांगत होती. पर्समध्येच मी तो कागद चुरगळला आणि अशी काही ओरडले की आशा दचकली.

"खोकी सोड आधी! नणंदेला घराबाहेर काढलं म्हणून पिंपळगावात माझं नाव करायचंय का? पाचशे वाढवून दे आणि राहा गुमान."

आशाने पदराने डोळे पुसले. "तीनशे," म्हणाली.

नणंद होऊन अर्धा तासही झाला नव्हता!

तिथूनच मी महेशला फोन लावला. "त्या पार्टीला नाही म्हणून कळव. घरचीच माणसं राहताहेत तिथे."

"भाडं देतात का?"

"देतात की."

"मग कसली घरची, ताई?"

मी फोन ठेवला आणि नळवाल्याला लावला.