ब्रिटाचा न लिहिलेला गोल
आठ छोट्या कॉलेजांची ती कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणारा गट, या नोव्हेंबरात मोडणार, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. दोन कॉलेजांना टाळं लागलं, तिघांनी दुसरीकडे घरोबा केला, उरलेल्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तेव्हा मुलींच्या सॉकरची ही बत्तिसावी अजिंक्यपद स्पर्धा शेवटची, आणि तिच्या इतिहासाचं पुस्तकही शेवटचं. ते पुस्तक पहिल्या वर्षापासून एकटी आर्लिस ट्वेट लिहीत आली होती. कुठल्या साली कोण जिंकलं, कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, कुणाला पिवळं कार्ड मिळालं, सगळं. आर्लिसच्या पुस्तकात एक चूक दाखवा आणि तिच्याकडे जेवायला जा, असं प्रशिक्षक म्हणायचे. कुणी जेवून आल्याचं ऐकिवात नाही.

अंतिम सामना एल्मग्रोव्ह कॉलेजच्या मैदानावर होता. स्टँडच्या माथ्यावर काचेची खोली, तिथं आर्लिस आपला तक्ता घेऊन बसली होती. शेजारी माइकवर ऑर्विल क्वाम, जो पंचवीस वर्षं खेळाडूंची नावं चुकीची उच्चारत आला होता. आणि मधल्या स्टुलावर नऊ वर्षांची हॅटी. हॅटी म्हणजे आर्लिसच्या एकुलत्या एक लेकीची, ब्रिटाची मुलगी. फेब्रुवारीत ब्रिटाची गाडी बर्फावरून घसरली आणि झाडावर गेली. तेव्हापासून बापाची दवाखान्यात शनिवार-रविवारची पाळी असली की पोर आजीकडे.

"इथं टाळ्या नाही वाजवायच्या, ओरडायचं नाही," आत शिरतानाच आर्लिसने बजावलं होतं. "इथं बसणाऱ्याला कुठलाच संघ आपला नसतो."

"आपलं माणूस खेळत असलं तरी?"

"तरी."

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा शून्य-शून्य होतं. आर्लिसने थर्मासातली कॉफी ओतली. हॅटीने पुस्तकाची कच्ची प्रत पुढ्यात ओढली आणि सरळ शेवटची पानं काढली. तिथं सगळ्या खेळाडूंची यादी होती. बोट फिरवत फिरवत ती एका ओळीवर थांबली.

"ब्रिटा ट्वेट. चार वर्षं. सामने एकोणीस. गोल शून्य." तिने मान वर केली. "आजी, हे अजून तसंच आहे."

"तसंच असणार, राणी."

"पण मी सगळ्यांना सांगितलंय, आईने गोल मारला म्हणून एल्मग्रोव्हला कप मिळाला. माझ्या संघातल्या टेगनने फोनवर काढून दाखवलं, शून्य आहे म्हणून. आता अख्खा संघ मला थापाडी म्हणतो."

आता यात पोरीची काय चूक? २०११चा अंतिम सामना जादा वेळातही एक-एकच राहिला आणि पेनल्टी किकवर गेला. याच मैदानावर, उत्तरेकडच्या गोलसमोर. पाचवी, शेवटची किक ब्रिटाची. एरवी ती बाकावर बसणारी, पण त्या दिवशी दोघी जखमी होत्या म्हणून मैदानात. तिची किक आत गेली आणि कप एल्मग्रोव्हचा झाला. पण कॉलेजच्या सॉकरमध्ये नियम असा की, पेनल्टीवर कप मिळतो, सामना मात्र बरोबरीत धरायचा. त्या किकांचे गोल कुणाच्याच नावावर चढत नाहीत. असले नियम करणाऱ्यांना लेकी नसतात की काय, देव जाणे.

त्या दिवशी घरी जाताना गाडीत ब्रिटाने विचारलं होतं, "आई, लिहिलास ना माझा?" आणि आर्लिस म्हणाली होती, "सामना बरोबरीत सुटला, ब्रिटा. तुला नियम माहीत आहे." ब्रिटा हसली. पुन्हा तिने कधी तो विषय काढला नाही.

"लिही ना गं," हॅटी म्हणाली. "एकच तर आकडा आहे."

"लिहून टाक, बाई," ऑर्विल म्हणाला. "उद्या कॉन्फरन्सच्या ऑफिसला कुलूप लागणार. तुझ्या चुका शोधायला काय भुतं येणारेत?"

"तू तुझ्या माइकशी बोल."

"माइक तुझ्यापेक्षा ऐकतो माझं."

आर्लिसने पेन्सिल उचलली. खरंच उचलली. ब्रिटाच्या ओळीतलं शून्य तिने खोडरबराने पुसलं आणि एक काढला. केवढासा तो आकडा. पण नऊ महिने काळजावर धोंडा होता, तो जरा हलल्यासारखा वाटला. मग सवयीने हात मागच्या पानांवर गेला. ब्रिटाला एक दिला, तर सामना दोन-एक होतो. दोन-एक झाला, तर समोरच्या गोलकीपरवर एक गोल चढतो. ती वँग आडनावाची मुलगी, त्या वर्षी स्पर्धेत सगळ्यांत कमी गोल खाल्लेली. तो मान तिच्याकडून जातो. तीही कुणाची तरी लेक होती, आणि कुठंतरी तिचीही आई हे पान उघडत असेल.

आर्लिसने एक पुसला. शून्य पुन्हा काढलं, नीट, गोल. कागद तिथं थोडा काळवंडला.

"नाही जमणार, हॅटी. माझ्या लेकीसाठी मी दुसरीचं काढून घेऊ शकत नाही."

हॅटी रडली नाही. ओठ दाबून बसून राहिली, अगदी ब्रिटा बसायची तशी. आर्लिसचा जीव तीळतीळ तुटत होता. ऑर्विल उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"बरं, मग तू सांग," हॅटी म्हणाली. "पुस्तकात नसू दे. कसा मारला ते सांग, मी टेगनला सांगेन. माझ्या आजीने डोळ्यांनी पाहिलाय म्हणेन. कुठल्या कोपऱ्यात गेला? वरून की खालून?"

डावा कोपरा, खालून. एवढंच म्हणायचं होतं. पोरगी खूश झाली असती आणि कुणाचं काही वाकडं झालं नसतं. पण आयुष्यभर खोटं न लिहिलेल्या बाईला खोटं बोलायलाही येईना.

"मी पाहिला नाही."

"तू इथंच होतीस ना?"

"इथंच होते. आधीची किक मारलेल्या मुलीचा नंबर लिहीत होते." ती थांबली. "नाही, तेही खरं नाही. नंबर मागाहून लिहिता आला असता. ती चुकली असती तर मला बघवलं नसतं, म्हणून मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा पोरी तिला खांद्यावर घेऊन धावत होत्या."

खाली पंच मैदानात उतरले. हॅटीने पुस्तक मिटलं.

"आईला माहीत होतं ते," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू खाली बघत होतीस ते. बॉल आत गेला आणि तिने पहिल्यांदा इकडे वर पाहिलं. ती सांगायची मला."

आर्लिसने विचारलं, "मग काय म्हणायची?"

"म्हणायची, आजीची मान खाली होती, कारण ती माझा गोल लिहीत होती."

उत्तरार्धाची शिट्टी झाली. ऑर्विलने माइक चालू केला, आर्लिसकडे एकदा पाहिलं आणि तिच्या पुढचा तक्ता हळूच आपल्याकडे ओढून घेतला. त्या शेवटच्या सामन्याचा उत्तरार्ध त्याच्याच वाकड्या अक्षरात आहे. आर्लिस काचेला हात टेकून उभी राहिली. सगळा खेळ दक्षिणेकडच्या गोलसमोर चालला होता. ती मात्र उत्तरेकडच्या गोलकडे बघत राहिली. तिथं एकटी गोलकीपर थंडीने हात चोळत उभी होती.