न विझणारा दिवा

ठण्! वरच्या स्वयंपाकघरातला एक चमचा तळघराच्या दगडी पायऱ्यांवरून उड्या मारत खाली आला आणि माझ्या पोटावर आदळला. तोवर तिथे श्वासाचासुद्धा आवाज नव्हता. मित्रांनो, ती शांतता आठवली की माझ्या फळ्या आजही आक्रसतात.

मी ओकच्या लाकडाचं एक जुनं पिंप आहे. माझं लाकूड समुद्रापलीकडून रिओहा या द्राक्षमळ्यांच्या मुलुखात आलं. कारागिराने फळ्यांना पाणी मारलं, आग दाखवली आणि वाकवून लोखंडी पट्ट्यांत आवळलं. आतून मी जरासा करपलो. त्या करपण्याचाच गंध पुढे वाइनला लागला. माझ्या मालकाच्या, फेर्मिनच्या घरची तांबडी वाइन वर्षानुवर्षं माझ्या पोटात निजायची. आत जाताना तापट, बाहेर येताना शहाणी. जत्रेत पहिला घोट घेऊन लोक डोळे मिटायचे आणि फेर्मिन घरी येऊन मला थाप मारायचा, "गड्या, नाव राखलंस!"

पुढे माझ्यातला गंध सरला. नवी पिंपं आली, मी कोपऱ्यातल्या ओट्यावर गेलो. माझ्यात फक्त घरात प्यायची वाइन राहू लागली, तीही अर्धीमुर्धी.

"याला मधोमध कापू आणि अंगणात फुलझाडं लावू," फेर्मिनची सून कासिल्दा म्हणायची.

"आधी मला कापा, माझ्यात कोबी लावा," म्हातारा उलटून म्हणायचा.

त्या शरदात वरच्या हौदात नवी द्राक्षं खदखदत होती. अशा वेळी त्यांतून एक वायू सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवेहून जड असतो. पाण्यासारखा पायऱ्या उतरतो आणि तळघरात साचतो. आमच्या गावात त्याला तुफो म्हणतात. म्हणून खाली येणारा माणूस पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून येतो. ज्योत विझली, की तसंच माघारी फिरायचं.

फेर्मिन आता काठी टेकत चालायचा. म्हणून कासिल्दाने त्याच्यासाठी कपाळावर बांधायचा विजेचा दिवा आणला होता.

"बाबा, ती मेणबत्ती द्या इकडे. एका हातात काठी, एका हातात ती, पडाल कुठेतरी."

"सूनबाई, मी काय खाणीत चाललोय? गाढवं हसतील मला."

"हसू देत. पडलात तर उचलायला गाढवं नाही, मीच येणार आहे."

तिने त्याच्या हातून मेणबत्ती काढून घेतली. म्हातारा दिवा बांधून लख्ख उजेडात खाली आला. स्टुलावर चढला, माझं बूच काढून वास घ्यायला वाकला. आणि थांबला.

"पोरी..." एवढंच पुटपुटला आणि माझ्या पाठीवर ओणवा पडला. काठी जमिनीवर गेली. दिवा मात्र आपला जळतच होता.

मी ओरडणार कसा? मी फक्त त्याला धरून ठेवलं. तो खाली, जमिनीवर घसरला असता तर संपलंच होतं.

तेवढ्यात वरच्या दारावर टकटक झाली. कासिल्दाची चिमुरडी लेइरे! दोघांचा रोजचा खेळ होता. तिने चमच्याने दार वाजवायचं, आजोबांनी माझ्यावर बोटं वाजवून उत्तर द्यायचं. आज उत्तर गेलं नाही.

"आजोबा, लपलात का?"

ती उतरू लागली. एक पायरी. अजून एक. तुफो आधी बुटक्यांना गाठतो. थांब गं बाळे, थांब! तिने कठडा धरायला हात पुढे केला आणि चमचा सुटला.

मी भरलेला असतो तर तो आवाज पोटातच विरला असता. पण माझं अर्धं पोट पोकळ होतं. मी घंटेसारखा घुमलो.

"लेइरे! आहेस तिथेच थांब!"

कासिल्दा धावत आली. सवयीने तिने दाराजवळची मेणबत्ती पेटवून घेतली होती. पायऱ्यांच्या मध्यावर ज्योत बारीक झाली, निळसर झाली, विझली. तिने पोरीची कॉलर धरली आणि तिला फरफटत वर नेलं. मग शेजारच्या रोकेच्या नावाने अशी हाक मारली, की गल्ली हादरली. तळघरातली हवा बाहेर जायच्या धुराड्यात कबुतरं शिरू नयेत म्हणून कोंबलेलं पोतं तिने ओढून काढलं. रोकेने कमरेला दोर बांधला, श्वास रोखून धरला आणि म्हाताऱ्याला खेचून नेलं.

फेर्मिन वाचला. काही आठवड्यांनी सगळे खाली आले. कासिल्दा पुढे, गुडघ्याशी मेणबत्ती.

"काय रे फेर्मिन," रोके म्हणाला, "दाढी पिकली आणि मेणबत्ती विसरलास?"

"विसरलो बाबा. म्हातारपण." त्याने सुनेकडे पाहिलंही नाही. "आणि या पिंपाला कुणी करवत लावायची नाही."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं हातातून काढून घेण्याआधी, ते गुपचूप कोणतं काम करत होतं, एवढं विचारा.

वारा नव्हता, तरी कासिल्दाने ज्योतीला हाताचा आडोसा धरला. लेइरेने तिचा झगा ओढला.

"आई, मेणबत्ती तर तू काढून घेतली होतीस. मग आजोबा खोटं का बोलले?"