नवेगावच्या पाळीवरचा डाव

मी एक जुना पत्त्यांचा जोड आहे, मित्रांनो. माझी एकावन्न पानं छापलेली आहेत. किलवरची तिरी वासरानं खाल्ली, म्हणून ती लग्नपत्रिकेच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं काढून घेतली आहे. अशी बावन्न पुरी होतात. माझ्या कडा मऊ पडल्या आहेत, बदामच्या राजाच्या दाढीवर हळदीचं बोट उमटलं आहे, आणि पिसताना पूर्वीसारखा फर्रकन आवाज येत नाही. जुनं लुगडं झटकल्यासारखा येतो. तरी मी सुखात आहे. एके काळी माझं आयुष्य पाण्यापासून दोन बोटांवर आलं होतं. ज्यानं असं पाणी पाहिलंय, त्याला म्हातारपणाचं काय एवढं!

मुंबईच्या एका छापखान्यात आम्ही बावन्न भावंडं एकाच मोठ्या कागदावर जन्मलो. पाठीवर निळी वेल, पोटावर लाल-काळी नक्षी. मग पातं खाली आलं आणि आम्ही सुटे झालो. तिथून पेटीत बसून गोंदियाच्या बाजारात आलो. एकोणीसशे बावन्नच्या पोळ्याला मनिराम नावाच्या तरण्या माणसानं मला विकत घेतलं आणि खिशात टाकलं. त्याच्या खिशाला इंजिनच्या तेलाचा वास होता. तो वास मला पुढे घरासारखा झाला.

मनिराम राइस मिलमध्ये इंजिनावर होता. तिथं धान उकडून सिमेंटच्या मोठ्या अंगणात वाळत घालत. तो थर तासातासानं पायांनी उलटावा लागे. पाय न उचलता, ओढत ओढत चालायचं, म्हणजे मागे नांगराच्या तासासारखी रेघ उमटते आणि खालचं ओलं धान वर येतं. हे काम बायांचं. पण दुपारी बाया जेवायला घरी गेल्या की ते मागे राहिलेल्यांवर येई. जायचं कोणी? अंगण तर तव्यासारखं तापलेलं. तेव्हा मनिराम, त्याचा मित्र दुधराम आणि आणखी एक-दोघं मला काढून तीन पत्तीचा डाव टाकत. पैसा नाही, सुपारी नाही. हरेल त्यानं उठून धान उलटायचं, एवढीच बोली.

मनिराम भला माणूस, पण पत्त्यांच्या कामाचा नव्हता. चांगली पानं आली की त्याचे कान लाल होत. दुधराम आपली पानं बघायचाच नाही, मनिरामचे कान बघायचा.

"ऊठ गा मन्या! धान तुले बोलावून रायला!"

आणि मनिराम धोतर खोचून अनवाणी उन्हात उतरे. दीड वर्ष रोज असंच चाललं. नंतर नंतर तर कोणी 'ऊठ' म्हणायचीही गरज राहिली नाही. पानं टाकली की त्याचे पाय आपोआप अंगणाकडे वळत.

मनिरामची बायको शामकला. तिनं चौपन्नच्या पौषात धुण्याला सदरा घेतला, खिसा उलटा केला आणि मी तिच्या ओल्या हातात पडलो. मित्रांनो, तो हात असा चटकन आखडला की मला वाटलं मी निखारा आहे.

त्याला कारण होतं. तिचे वडील बकाराम बाजाराच्या दिवशी पत्ते खेळत. घरी सांगत, "अवो, आमी सुपारीच्या खांडावर खेळतो." मग एके दिवशी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. त्यामागून दुभती गाय गेली. गाय नेताना तिचं वासरू हंबरत होतं आणि नऊ वर्षांची शामकला त्याच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. तेव्हापासून लाल-काळं पान दिसलं तरी ती तिथून उठून जाई. आता तर पोटात सातव्या महिन्याचं बाळ होतं.

घरात बारा माणसं. नवरा-बायकोनं दिवसाढवळ्या बोलत बसायची रीत नव्हती. सासू रुख्माबाईसमोर तर नाहीच नाही. शामकलानं आठ दिवस मला आपल्या गाठोड्यात दडवून ठेवलं. नवव्या दिवशी विहिरीवर, घागर उचलून देताना, ती खालच्या मानेनं नवऱ्याला म्हणाली, "बारतपनाले जाऊन रायली मी. तिकडून परत येनार नाई."

"काऊन वो?"

"तुमच्या खिशातलं मले सापडलं."

"अवो, पैशावर नाई खेळत आमी! हरला त्यानं धान उलटाचा, बस."

"माहा बाबाबी असाच सांगे," ती म्हणाली आणि घागर घेऊन गेली.

मनिरामचं तोंड एवढंसं झालं. मिलमध्ये दुधरामनं त्याला खोदून विचारलं. सगळं ऐकल्यावर त्याची थट्टा पळाली. म्हणाला, "पोचवाले तूच जाशील ना? मंग मधात नवेगावले उतर. माहा मामा केवलराम तिथं तलावाच्या बंगल्यावर चौकीदार आहे. दोन दिवस ऱ्हा. घरी बोलाले भेटत नाई त तिथं बोल."

असे आम्ही निघालो. छोट्या रुळांच्या आगगाडीनं देवलगाव, तिथून बैलगाडीनं नवेगावचा तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सरकारी विश्रामगृह होतं, त्यामागे चौकीदाराची खोली आणि अंगण. केवलराम बोलका माणूस.

"साहेब लोक आले का रातभर पत्ते कुटते जी इथं. मच्छी खाते, मोठ्यानं हासते अन् चालले जाते. आता कोनीच नाई. बसा, साहेबाच्या खुर्चीवर बसा!"

'पत्ते' म्हटल्याबरोबर शामकलानं तोंड फिरवलं. मनिरामला कुठं बघावं ते कळेना. चौकीदाराच्या बायकोनं सूपभर बोरं आणून ठेवली. "पोटुशीले आंबट लागते. खा माय."

 दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर शामकलानं गाठोडं सोडलं, मला मुठीत घेतलं आणि पाळ उतरून थेट पाण्याशी गेली. मी कागदाचा, खळीनं चिकटवलेला. पाण्यात माझा लगदा व्हायला वेळ तो किती! तिनं हात पुढे केला. खाली पाण्यात माझी निळी वेल मला दिसली. पाळीवर मनिराम उभा होता. तो धावला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, "टाक. तुह्या मनाले बरं वाटत असन त टाक."

हात तसाच राहिला. मग ती मागे वळली.

"टाकीन त टाकीनच. पन पयले मले शिकवा. आईच्या हातातल्या पाटल्या दिसू नये, असा काय दिसे माह्या बाबाले ह्याच्यात? पाहू द्या मले एक खेप."

साहेबाच्या व्हरांड्यात घोंगडं अंथरून दोघं समोरासमोर बसली. मित्रांनो, लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण उजेडात अशी ती पहिल्यांदाच बसत होती. मनिरामनं तीन-तीन पानं वाटली. एकसारखी तीन आली तर सर्वांत मोठी, जोडी त्याहून खाली, आणि हातात काही नसलं तरी भारी पानं असल्यासारखं तोंड करून बोली वाढवता येते. बोलीला बोरं.

हातात काही नसताना तोंडावर काही दिसू न देणं! सासरी तीन वर्षं शामकला दुसरं काय करत होती? तिच्याजवळ दुर्री, पंजी आणि सत्ती होती, आणि ती तोंडावरची माशीही हलू न देता दोन-दोन बोरं पुढे सरकवत गेली. मनिरामजवळ दश्शांची जोडी होती. तरी त्यानं घाबरून पानं टाकली. पुढच्या डावात त्याला भारी पानं आली, तर त्याचे कान बोलले आणि तिनं पहिल्याच बोलीला हात आखडला. वर बोलीची बोरं ती खाऊनही टाकत होती.

"अवो, डावावरची बोरं खाते का कोनी?"

"मी नाई खात. पोटातला खाऊन रायला. त्याले सांगा."

हे बोलताना ती हसली नाही. अर्ध्या तासात मनिरामपुढे एकही बोर उरलं नाही. तेव्हा तिचा आवाज बदलला.

"संपली तुमची. आता काय लावता?"

मला कळलं, ती खेळत नव्हती. तिला नऊ वर्षांची असतानाचं घर आठवत होतं. इथूनच पुढे पाटल्या येतात, गाय येते. समोरचा माणूस आता काय बोलतो, त्यावर तिचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. 

 मनिरामनं पानं खाली टाकली, उसासा सोडला, उठला, धोतर खोचलं आणि पायऱ्या उतरून चालू लागला. अंगणात चौकीदाराच्या बायकोनं उकडलेलं धान वाळत घातलं होतं. तो सरळ त्यात शिरला आणि पाय ओढत उलटू लागला. एक रेघ गेला, वळला, दुसरी रेघ आला. अगदी सरळ, आखल्यासारख्या रेघा.

चौकीदाराची बायको घरातून धावत आली. "अवो पावने! माह्या धानात कायले घुसले जी?"

मनिराम थबकला. आपण कुठं आहोत, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. कान लालभडक. "हरलो ना, मावशी," तो म्हणाला.

शामकला पायरीवर येऊन उभी राहिली. ती त्याच्या पायांकडे बघत होती. इंजिनवाल्याचे पाय तेलानं काळे असावेत. ह्या पायांना धानाच्या कुसांचे ओरखडे होते, टाचा भेगाळल्या होत्या, अंगठ्यांच्या कडेला चटक्यांचे जुने डाग होते. घरी हे पाय तिनं फक्त चिमणीच्या उजेडात पाहिले होते. दीड वर्षाची सगळी हार त्या पायांवर लिहिलेली होती.

"रोज हरता?"

"रोजच वो."

"एखाद दिवस त जिंकत असान?"

मनिरामनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पोळ्याले जिंकलो होतो. त्या दिवशी मिल बंद होती."

आणि शामकला हसली. आधी पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून, मग पोट धरून खाली बसून. हसता हसता डोळ्यांना धार लागली, तरी हसणं थांबेना. चौकीदाराच्या बायकोला काही कळलं नाही, पण तीही हसू लागली. मी शामकलाच्या ओटीतून सुटून व्हरांडाभर पसरलो, आणि मला वाटलं, पसरू दे, आता कोणी बुडवत नाही! शामकलानं मग एकेक पान वेचलं, पदरानं पुसलं आणि मोजून माझी गड्डी बांधली.

उरलेला अख्खा दिवस ती दोघं खेळली. बोलली मात्र त्याहून जास्त. "कानच झाका ना," असं म्हणून तिनंच त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधून दिला. त्या दुपट्ट्यानं त्यानं चार डाव जिंकले. पुढे भर उन्हाळ्यात मिलमध्ये कान बांधून बसलेला मनिराम आणि धान उलटणारा दुधराम पाहून बाया हसून लोळायच्या.

शामकलाच्या माहेराजवळच्या अर्जुनीच्या फलाटावर बकाराम लेकीला घ्यायला आला होता. वाकलेला, ओशाळा म्हातारा. सामान त्यानंच बैलगाडीत ठेवलं. शामकला चढली, मग मनिरामकडे न बघता, बैलांकडे बघत म्हणाली, "अक्ती झाली का घ्याले या. उशीर कराचा नाई."

मनिरामनं दोन्ही हातांनी कान झाकले. तिनंच परत दिलेला मी त्याच्या छातीवरच्या खिशात होतो, म्हणून मला माहीत आहे की ते काळीज कसं उडत होतं.

अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि तिसऱ्या दिवशी तो बकारामच्या दारात हजर झाला. शामकलाच्या कुशीत मूठभर मुलगी होती, शकुंतला. येताना गाडीत त्या बाळाची मूठ चुकून माझ्या एका पानावर पडली आणि तिनं ते गोंदियापर्यंत सोडलं नाही. माझ्यावरच ती पुढे आकडे शिकली.

आता साठ साल आहे. मित्रांनो, माझं मागणं लहानसंच आहे. आमच्यासारख्यांना ओल्या हातानं धरू नका. खेळ झाला की मोजून, कोरड्या फडक्यात बांधून ठेवा. आणि कशाचा राग येऊन ते फेकून द्यावंसं वाटलं, मग ती वस्तू असो की माणूस, तर पाण्यापर्यंत जा हवं तर, पण हात सोडायच्या आधी एकदा वळून विचारा. शामकला वळली. ती वळली नसती तर ही दुपार मला कुठून मिळती?

दुपारचीच वेळ आहे. शकुंतला शाळेत गेली आहे. धाकट्याला थोपटून थोपटून शामकलानं आत्ताच पाळण्यात निजवलं आहे, आणि पाळण्याच्या दोरीला पाय लावून ती मला हळूच पिसते आहे. समोर, दार लोटून, सुपात बोलीचे चिंचोके घेऊन खुद्द सासू रुख्माबाई बसली आहे.

"वाट ना वो लवकर," ती दबक्या आवाजात म्हणते आहे, "पोरगा उठन."