जोडहोडीची धुम

पुंजारामांनी काठावर चपला काढून ठेवल्या, तसे साहेब हसले.

"अहो, होडी आहे ती. देऊळ नव्हे."

"सवय आहे," पुंजाराम म्हणाले आणि निळ्या होडीजवळ गेले.

गंगापूर धरणाचं पाणी अजून झोपेत होतं. पलीकडचे डोंगर धुक्यात अर्धेच उरले होते. साहेबांची बडोद्याला बदली झालेली, म्हणून दोन्ही जोडहोड्या विकायच्या होत्या. प्रत्येकीत दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणलेली जाळी, वर शीड. सहसा उलटत नाही म्हणे. निळीला ताजा रंग होता. पांढरीचा मात्र पार उडालेला.

नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाल्यावर महिनाभरातच अर्धांगवायूनं पुंजारामांची डावी बाजू धरली. चालता येऊ लागलं, हात मात्र रुसलेलाच. तीस वर्षं बुवांच्या मागे उभं राहून मृदंग वाजवलेला माणूस कीर्तनात शेवटच्या रांगेत बसू लागला. डॉक्टर म्हणाले, दोर ओढा, हाताला काम द्या. मग एका सकाळी त्यांना धरणावर पांढरं शीड दिसलं, आणि ते स्वप्नातही दिसू लागलं.

"जन्मभर कीर्तनात भवसागर तरलात," त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या होत्या, "आता धरण तेवढं राहिलं!" पण आज पोळीभाजीचा डबा घेऊन त्याच आधी बसमध्ये चढल्या.

"निळी घ्या," साहेब म्हणाले. "मोठी आहे. दोघं आरामात बसाल."

पुंजाराम निळीच्या दोन होड्यांच्या मधे वाकले. उजव्या हातानं उजवी वाजवली. टण्ण! मग, कुणी न सांगता, डावा हात डावीवर पडला.

थप्प.

पुन्हा मारला. थप्प. ओल्या पोत्यावर पडावा तसा.

त्यांनी हात सदऱ्याच्या खिशात घातला. पाण्याकडे बघत म्हणाले, "चला. नको होडी."

"का हो?"

"हात गेला माझा. उगाच मनाचे खेळ."

सगुणाबाई पुढे आल्या. पदर खोचून खाली बसल्या. तीस वर्षं बायकांच्या रांगेत पहिल्या बसून त्यांनी तो मृदंग ऐकला होता. घरी धुमेला, मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीकही त्याच मळून देत. पातळ झाली तर बोल पसरतो, घट्ट झाली तर गुदमरतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. गेलं वर्षभर घरात कणीक फक्त पोळ्यांपुरतीच मळली जात होती. त्यांनी आपल्या हातानं डावी होडी वाजवली.

थप्प.

"माझाही हात गेला का मग?" त्या म्हणाल्या. "ओ गेणूभाऊ, इकडे या. हिच्या पोटात काय आहे बघा."

राखणदार गेणूनं मागचं बूच फिरवून काढलं. पाण्याची जाड धार वाळूत पडली आणि बराच वेळ पडत राहिली.

"आयला, ही तर आधीच फुटेल हे की! लय पाणी प्यालीय," गेणू म्हणाला. साहेबांची मान खाली गेली. "मलाही ठाऊक नव्हतं हो," ते पुटपुटले.

"आता ती वाजवा," सगुणाबाईंनी पांढरीकडे बोट केलं.

पुंजाराम तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून हात काढला, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा, आणि पांढरीच्या डाव्या अंगावर ठेवला. उचलला. मारला.

धुं...

आवाज गोल गोल होत पाण्यावर गेला. दूर एक पाणकोंबडी दचकून पाण्यात शिरली. पुंजारामांनी आणखी एकदा मारला, मग उजवा त्यात मिसळला. गेणूची मान आपसूक डोलू लागली.

"पांढरी," सगुणाबाई साहेबांना म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये पुंजाराम खिडकीशी बसले होते. डाव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू काहीतरी आठवत होती.

"उतरल्यावर गिरणीतून पीठ घेऊ," सगुणाबाई म्हणाल्या.

"कालच तर दळण आणलं."

"ते पोळ्यांना," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.