परत आणलेला माणूस

निमोण्याच्या एसटी शेडमध्ये रोज संध्याकाळी दोन म्हातारे बसायचे, आणि दोघांनाही कुठं जायचं नसायचं. एक चांगदेव, कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून रिटायर होऊन गावी परतलेले. दुसरे हौसराव, मळ्यात एकटेच राहणारे बागायतदार. दोघांच्याही बायका गेलेल्या. चांगदेवांची लेक करुणा सासरी नागपूरला, हौसरावांचा सत्यजीत पुण्यात. हौसराव चांगदेवांना 'तू' म्हणत, चांगदेव त्यांना 'आबा' म्हणत. वय सारखंच, पण गावाच्या सवयी काही रिटायर होत नाहीत. एकमेकांच्या घरी दोघं कधी गेले नव्हते. शेड मात्र सरकारी, तिथं कुणाचा उंबरा आडवा येत नव्हता.

गप्पा तरी कसल्या? हौसरावांनी सोसायटीच्या चेअरमनला शिव्या घालायच्या आणि चांगदेवांनी 'व्हय आबा' म्हणायचं. पण बायको, सुरेखाबाई, गेल्यापासून चांगदेवांच्या वाट्याला दिवसभरात बोलणं म्हणून जे यायचं ते एवढंच. घरात टीव्ही होता. तो बोलायचा खूप, विचारायचा काही नाही.

त्या दिवशी हौसराव शिवी अर्धीच सोडून बाकावरून खाली घसरले.

"आबा!" चांगदेवांनी गदागदा हलवलं. हूं नाही की चूं नाही. घशात एकदोनदा घरघर झाली आणि तीही थांबली. लोक धावले. "फीट आलीय, कांदा फोडा, चप्पल हुंगवा," गावाचं वैद्यकशास्त्र सुरू झालं.

"फीट न्हाई, हार्ट बंद पडलंय! एकशेआठला फोन लावा. बाळासो, पळ, पंचायतीतलं शॉकचं मशीन आण!"

पंचायतीचा शिपाई बाळासो पळाला. चांगदेवांनी गुडघे टेकले आणि तळहातावर तळहात ठेवून छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात केली. कंपनीच्या सेफ्टी टीममध्ये दरवर्षी रबराच्या बाहुल्यावर हे केलेलं होतं. पण बाहुला उद्या शेडमध्ये आला काय न आला काय, कुणाचं अडत नव्हतं. हा माणूस यायलाच हवा होता. इतकी वर्षं शेजारी बसून ज्यांच्या खांद्यालाही कधी हात लावला नाही, त्यांच्या छातीवर आता ते सगळं वजन टाकत होते. एक बरगडी कडकन मोडली.

"अहो, हाड मोडलं की!" कुणीतरी ओरडलं.

"मोडू द्या!"

बाळासो धापा टाकत परतला. हात रिकामे.

"मशीन कुठाय?"

"लाईट न्हाई, मामा. वायरमनला फोन लावलाय, येतीय म्हणतोय."

चांगदेवांना हसावं की रडावं कळेना. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? या गावात विहिरीवरच्या मोटारीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळा कारभार लाईटच्या मर्जीवर. शॉक देणारं मशीन लाईटवाचून चालेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? मशीन बसवलं तेव्हा भाषणं झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. बॅटरीचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

"आरं, बॅटरी हाय त्यात! उचल आन् आण!"

हात भरून आले, डोळ्यांपुढं अंधारी आली. पण हाडाच्या आवाजानं सगळे मागं सरकले होते, दुसरं कुणी पुढं होईना. "आसं न्हाई जायाचं, आबा," दाबता दाबता ते म्हणत होते. "मला एकट्याला टाकून न्हाई जायाचं." चारचौघांत असं बोलायची त्यांना लाज वाटली नाही.

मशीन आलं. त्यांनी बंडी फाडली, घामेजलेली छाती उपरण्यानं पुसली, पट्ट्या चिकटवल्या. सगळ्यांना लांब केलं आणि बटण दाबलं. हौसरावांचं अंग उडालं. चांगदेव पुन्हा छातीवर वाकले. ॲम्ब्युलन्स यायच्या आत हौसराव कण्हले, आणि चांगदेव तिथंच मातीत बसून लेकरासारखे रडले.

दवाखान्यातून हौसराव घरी आले तेव्हा सत्यजीतनं गाडी पाठवून चांगदेवांना मळ्यात बोलावलं. त्या घरात ते पहिल्यांदाच बसले. चहाची कपबशी सगळ्यांसारखीच होती, हे त्यांच्या नजरेनं टिपलं, आणि टिपलं म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

"मामा, आबांना पुण्याला न्यायचंय," सत्यजीत म्हणाला. "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"सांग की रं याला," हौसराव उशीला टेकून म्हणाले. "मी हितंच बरा हाय. तू हायेस की."

बापलेक दोघंही चांगदेवांकडं बघू लागले. 'ऱ्हाऊ दे त्यांना हितं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण हौसराव शेडमध्ये पडले म्हणून वाचले. मळ्यात पडले असते तर सकाळी दूधवाल्यालाच सापडले असते, आणि पुढच्या वेळी कुठं पडतील ते कुणी सांगावं.

"जावा, आबा," चांगदेव म्हणाले. "पोरापाशी ऱ्हावा."

हौसराव त्यांच्याकडं बघतच राहिले. मग उशी बाजूला सारून उठले. मदतीला आलेल्या बाळासोनं आणि सत्यजीतनं बॅगा भरल्या, त्यांना धरून गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा हौसरावांनी काच खाली घेतली.

"मंग वाचवलंस कशाला?"

चांगदेवांकडं उत्तर होतं. माझ्यासाठी, आबा. निव्वळ माझ्यासाठी.

"काच वर घ्या," ते म्हणाले. "वारं लागंल."